खाट कुणाचीही असो

तिचं खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं वॉर्डात कुणाला आठवत नसे. सगळे तिला यादीबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत. मग एकदा नव्या डॉक्टरच्या तोंडून ते समोरच निसटलं, आणि रागवायचं सोडून ती म्हणाली, "बरं आहे की! निदान यादी तरी लक्षात राहील तुझ्या." तेव्हापासून पाठीमागे म्हणायची गरज उरली नाही.

यादी म्हणजे तळहाताएवढं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड. ती ते गळ्यात घालून फिरे. ऑपरेशनच्या रोग्यांचा वॉर्ड, लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना खाटा. सकाळचा राउंड निघाला की पुढे मोठे सर, त्यांच्या मागे नवा डॉक्टर, त्याच्या मागे औषधांची ट्रॉली ढकलत चिमणी. चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत धाकटी नर्स. आवाजावरून हे नाव पडलेलं. आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी यादीबाई. सर टाके बघत, पोट दाबून बघत, दोन शब्द बोलत आणि पुढच्या खाटेकडे वळत. नेमकी तिथे ती आडवी येई.

"सर, यादी."

मग खाटेवरच्या माणसाला ती एकेक प्रश्न विचारी. मोठ्याने, सगळ्यांच्या देखत. दुखतंय का? खाल्लं काय? लघवी झाली का, कधी? शौचाला झाली का? उठताना बरोबर कोण असतं? तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का? उत्तर त्या माणसानेच द्यायचं. बायकोने नाही, मुलाने नाही, डॉक्टरने तर मुळीच नाही.

सुरुवातीला मोठ्या सरांच्या कपाळाची शीर उडायची.

"सिस्टर, मी शाळेतला मुलगा आहे का? दर खाटेला पाढे म्हणायचे?"

"तुम्ही नाही म्हणायचे सर, मी म्हणते. तुम्ही फक्त थांबायचं."

"अहो, हे सगळं माझ्या डोक्यात असतं!"

"तुमच्या डोक्यात असतं हो. पण त्यांच्या पोटात काय असतं?"

नवा डॉक्टर हसला आणि सरांनी वळून बघताच खोकला. पण सर थांबले. त्या दिवशी थांबले, दुसऱ्या दिवशी थांबले, आणि हळूहळू त्यांना सवयच लागली. यादी वाचायला लागल्यापासून कुणाची नळी जास्त दिवस राहून गेली, कुणी तीन दिवस नुसत्या चहावर काढले आणि कुणाला कळलंच नाही, असले प्रकार वॉर्डात ऐकू येईनासे झाले. ते सरांनाही दिसत होतंच. ती म्हणायची, "विचारलं नाही तर माणूस सांगत नाही. आणि कुजबुजत विचारलं तर कुजबुजत खोटं सांगतो." एकदा एका तरुण मुलीच्या खाटेपाशी नव्या डॉक्टरने अर्धी यादी गिळली, तेव्हा तिने त्याला कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर झापलं होतं. "लाज वाटते? लाज घरी ठेवून यायची. इथे तिला खुंटी नाही."

आणि विश्वस्तांची गोष्ट तर हॉस्पिटलभर झाली होती. हॉस्पिटलचे एक विश्वस्त, मूळव्याधीचं ऑपरेशन. खाजगी खोल्या भरलेल्या, म्हणून दोन दिवस याच वॉर्डात पडद्याआड ठेवले होते. राउंड तिथे आला, सरांनी डोळ्यांनीच खुणावलं, पुढे चला. यादीबाईने पडदा सर्रकन बाजूला केला.

"शौचाला झाली का?"

विश्वस्त लालबुंद. "बाई, मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"माहीत आहे ना. खाट कुणाचीही असो, यादी तीच. झाली का?"

"नाही!" ते ओरडले. सगळ्या वॉर्डाने ऐकलं. त्या दिवशी औषध दिलं. दुसऱ्या दिवशी राउंड दारात आला न आला तोच पडद्याआडून आवाज आला, "झाली हो, झाली!" आणि अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. ही गोष्ट यादीबाई स्वतः फार रंगवून सांगे. सांगताना उभी राहून विश्वस्तांसारखी छाती काढी, पडदा ओढल्यासारखा हात करी.

अशा बाईच्या सासऱ्यांना हर्निया झाला.

सासरे, म्हणजे बाबा, शहर बसचे निवृत्त कंडक्टर. आवाज असा की निवृत्तीनंतरही त्यांनी गल्लीत कुणाला हाक मारली तर लोकांचे हात आपोआप खिशाकडे जात. घरात एक किस्सा होता, तो सासूबाई सांगत. नवं लग्न झालेलं, त्या बाबांच्याच बसमध्ये चढल्या. खच्चून गर्दी. बाबा समोर येऊन उभे. "तिकीट!"

"अहो, मी आहे."

"'मी आहे' नावाचं तिकीट नसतं. पुढचं बोला."

"आणि मी काढलं हो तिकीट!" सासूबाई डोळे मोठे करून सांगत. "दोन दिवस बोलले नाही. पण काढलं."

सगळ्या शहराला तिकीट विचारणारा हा माणूस सुनेसमोर मात्र मुका. लग्न होऊन ती घरात आली त्याला आता किती वर्षं झाली, तिची मुलगी कॉलेजात गेली, तरी बाबा तिच्याशी सरळ बोलत नसत. "तिला म्हणावं, छत्री घेऊन जा." "तिला विचार, विजेचं बिल आलंय का." मध्ये सासूबाई तरी लागत, नाहीतर मुलगा, नाहीतर नात. घरात दोघंच असली तर ते भिंतीवरच्या घड्याळाला सांगत, "चहा झाला असेल तर बरं होईल." आणि ती घड्याळाच्या वतीने चहा आणून ठेवी. तीही तशीच. वॉर्डात छप्पर उडवणारा तिचा आवाज उंबऱ्याच्या आत आला की मांजरासारखा पायाशी बसे. न्हाणीघराच्या दाराशी दोघं समोरासमोर आली तर दोघंही काहीतरी विसरल्यासारखी करून परत फिरत. यात अढी नव्हती, राग नव्हता. एक आदराची लाज होती. ती कुणी घातली कुणाला ठाऊक, पण दोघांनी जपलेली होती.

तेव्हा हर्नियाची बातमीही रांगेनेच आली. बाबांनी सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मुलाला, मुलाने बायकोला. "बाबांना... म्हणजे... जांघेत गाठ आलीय म्हणे. तू जरा बघ ना तुमच्याकडे." ती डोळे वर न करता म्हणाली, "सरांना विचारते."

बाबांनी मात्र गल्लीत सांगून टाकलं होतं, "सुनेचं हॉस्पिटल आहे आमच्या. चिंता नाही."

ऑपरेशन छान झालं. खिडकीजवळची शेवटची खाट त्यांना मिळाली, तीही तिनेच बघून दिलेली. रात्रभर लघवीची नळी होती, पहाटे रात्रपाळीच्या नर्सने काढली आणि सकाळी पाळी बदलताना यादीबाईला सांगितलंही, "ताई, तुमच्या बाबांची नळी काढलीय हं. झाली की नाही तेवढं बघा." ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांची लघवी अडते, ही गोष्ट तिने किती नव्या मुलींना शिकवली होती. ती म्हणाली, "बघते."

राउंड निघाला. पहिली खाट, दुसरी खाट. ती विचारत होती, माणसं उत्तरं देत होती. आणि चालता चालता तिच्या कानांचं काहीतरी झालं. आपलाच आवाज तिला शेवटच्या खाटेवरून ऐकू यायला लागला. 'शौचाला झाली का' हे शब्द वॉर्डाच्या त्या टोकाला बाबांना कसे ऐकू येत असतील? एकेका खाटेने ते शब्द बाबांच्या जवळ जात होते. बाबांच्या आधीची खाट एका रंगाऱ्याची. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊनही तोंडाचा पट्टा चालू.

"लघवी झाली का?"

"झाली ना. दोन हात मारून झाली!"

सगळे हसले. ती हसली नाही.

बाबा ताठ बसले होते, चादर छातीपर्यंत ओढून. दाढी गुळगुळीत केलेली, केस पाणी लावून बसवलेले, फोटो काढायचा असल्यासारखे. ते खिडकीबाहेर बघत नव्हते. तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे बघत होते. तिला वाटलं, हे मला विनवतायत. नको विचारू, म्हणतायत.

"काय बाबा, कसं काय?" सरांनी विचारलं.

"एकदम मस्त!" कंडक्टरचा आवाज.

सरांनी टाके पाहिले. "उत्तम. चला सिस्टर, यादी."

आता सरच आठवण करून देत होते. तिने कार्ड हातात घेतलं. पहिला प्रश्न तोंडापर्यंत आला, आणि त्याच्या मागे उभे असलेले सगळे प्रश्न तिला दिसले.

"सर... बाबांचं मी सकाळीच विचारून घेतलंय. सगळं ठीक आहे."

चिमणीने मान वर केली. "ताई, पण नळी पहाटेच काढलीय ना, मग लघवी—"

"पुढे चल, चिमणे."

"घरचा पेशंट!" सर हसले. "घरीच राउंड झाला वाटतं."

नवा डॉक्टर हसला, रंगारी हसला. बाबांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ट्रॉलीची चाकं करकरत पुढे गेली.

खोटं बोलणं एका वाक्याचं असतं, आणि ते वाक्य तर फार साधं होतं. नंतर वॉर्डबॉयला पाठवू, तिने मनाशी ठरवलं. पुरुष पुरुषाला विचारेल. काही बिघडत नाही. मग एकाच्या टाक्यांतून रक्त यायला लागलं, मग भांडारातून हातमोजे कमी आले म्हणून वाद झाला, मग जेवणाची वेळ झाली.

नर्सांच्या खोलीत डबा उघडून ती बसली. शेजारच्या वॉर्डातली एक सिस्टर आली होती, तिला विश्वस्तांची गोष्ट ऐकायची होती. "तुमच्या तोंडून ऐकायचीय हो, आमच्याकडे अर्धीमुर्धीच आलीय." यादीबाई नको नको म्हणत उभी राहिली. छाती काढली, हाताने पडदा ओढला. "मी म्हटलं, खाट कुणाचीही असो—"

बाहेर धप्प आवाज झाला. त्याच्यामागे स्टीलचं भांडं घरंगळत गेलं, बराच वेळ, भिंतीला लागेपर्यंत.

बाबा त्यांची खाट आणि संडासाचं दार यांच्या मध्ये पडले होते. उजवा हात अंगाखाली मुडपलेला. भुवईच्या वर खोक पडली होती. वॉर्ड जेवतोय, सगळ्यांच्या माना ताटात आहेत, अशी वेळ बघून ते एकटेच निघाले होते. ती गुडघ्यांवर बसली. पोटाला हात लावला. बेंबीच्या खाली तो भाग दगडासारखा टणक होता. बाबांना घाम सुटला होता आणि डोळे भलतीकडेच होते.

"बाबा! बाबा, मी आहे."

"पुढे सरका," बाबा म्हणाले. "पुढे सरका बाई, मागे जागा नाही..."

पडदे ओढले. सर धावत आले, नव्या डॉक्टरने नळी घातली. ती पडद्याबाहेर उभी राहिली. आत जायचा तिला हक्क होता, गणवेश अंगावर होता, पण पाय गेले नाहीत. आतलं सगळं ती ऐकत होती. पिशवी भरत चालली. काठोकाठ येत आली तरी थांबेना. मग बाबांचा एक मोठा सुस्कारा आला, लहान मूल रडून झाल्यावर टाकतं तसा.

भुवईला टाके पडले. मनगट मोडलं होतं, कोपरापर्यंत प्लास्टर चढलं. सर हात पुसत बाहेर आले.

"एवढी तुंबली होती! रक्तात दोष गेला नसला म्हणजे मिळवली. तपासणीला पाठवलंय. सिस्टर, सकाळी झाली होती ना? तुम्ही विचारलं होतं."

चिमणी कापसाचा बोळा मुठीत घेऊन उभी होती. तिचा आवाज आणखीच बारीक झाला. "सर, मी बघायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं."

आणि यादीबाई गप्प राहिली. फार नाही, एक श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत. पण तेवढ्यात तिला बरं वाटलं. अंगावरचं ओझं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं बरं वाटलं. पुढे कित्येक दिवस तिला पडलेले बाबा आठवत, ते दगडासारखं पोट आठवे. पण मान वर करता येऊ नये अशी लाज वाटे ती या एका श्वासाची. पाखराएवढ्या पोरीच्या आड ती लपली होती.

"नाही सर," ती म्हणाली. "तिचं काही राहिलं नाही. ती सांगत होती, मीच पुढे नेलं. मी विचारलंच नव्हतं. खोटं बोलले."

"का?"

"सासरे आहेत, सर."

सर ओरडले असते तर तिने ऐकून घेतलं असतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "समजू शकतो. घरच्या माणसाचं अवघडच असतं." आणि तिच्या खांद्यापर्यंत नेलेला हात तसाच मागे घेऊन निघून गेले. नवा डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होता. लाज घरी ठेवून यायची, इथे तिला खुंटी नाही, हे त्याला आठवत असणार. आठवत नसतं तर त्याने एवढं मन लावून बूट कशाला बघितले असते?

संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा नुकताच हॉस्पिटलातून परतला होता. छापखान्यातून तो थेट तिकडेच गेला होता, बोटांवरची शाईही गेली नव्हती. दिवा न लावताच बसला होता.

"तुझ्या वॉर्डात," तो म्हणाला. "तू तिथे असताना."

"हो."

"मी शेजारच्यांना सांगितलं होतं, आमचं काय, हिच्या डोळ्यांसमोर आहेत. लोक काळजी करत होते, मी म्हटलं चिंताच नको." मग थोड्या वेळाने, "अगं, तू तर सगळ्यांना विचारतेस ना?"

"विचारते."

"मग?"

सासूबाई आतून आल्या, दिवा लावला, आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "त्यांचा निरोप आहे तुला."

"काय?"

"म्हणाले, तिला विचार, मला का नाही विचारलं."

ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

"पहाटेपासून त्यांना होत नव्हती. नर्सला सांगायची लाज. तुला सांगायची तर त्याहून. मग तू त्या टोकापासून सगळ्यांना विचारत यायला लागलीस, ते ऐकलं त्यांनी. म्हणाले, सगळे सांगतायत, तो रंगारी तर हसत हसत सांगतोय, मग आपल्यालाच काय धाड भरलीय? आपली खाट आली की सांगून टाकायचं. वाक्यसुद्धा ठरवलं होतं म्हणे. दाढी त्यासाठीच केली, नीट दिसावं म्हणून." सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. "आणि तू आलीस, नि पुढे गेलीस. म्हणाले, नोकरीत मी एक प्रवासी सोडला नाही. तिने मला एकट्यालाच सोडलं."

"आई..."

"मला नको सांगूस. मी नुसती निरोप पोचवते. इतकी वर्षं तेच तर करतेय."

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली ती भिंतीच्या कडेकडेने. वॉर्ड तसाच होता, सगळे नेहमीसारखं बोलत होते, आणि ते नेहमीसारखं बोलणंच तिला टोचत होतं. बाबांचा रक्ताचा अहवाल आला होता, फार वाईट नव्हता. पण नळी अजून काही दिवस ठेवावी लागणार होती, आणि घरी गेल्यावर महिनाभर दाढी, जेवण, कपडे, सगळं दुसऱ्याच्या हाताने. राउंडच्या आधी चिमणी जवळ आली.

"ताई, बाबांच्या खाटेला मी विचारीन. चालेल ना?"

"किंवा मी," नवा डॉक्टर म्हणाला.

चालण्यासारखंच होतं. खरं तर कालच असं करायला हवं होतं. जिथे आपली जीभ अडखळेल तिथे दुसऱ्याच्या हाती कार्ड द्यायचं, एवढी साधी गोष्ट. तिने कार्ड गळ्यातून काढून चिमणीच्या गळ्यात घातलं. आज एकाच नव्हे, सगळ्याच खाटांना चिमणीने विचारलं. यादीबाई ट्रॉली ढकलत मागून चालली.

शेवटची खाट आली. आज दाढी नव्हती. कपाळावर पट्टी, हात गळ्यात अडकवलेला. डोळे मात्र जागेवर आले होते.

"बाबा, दुखतंय का?" चिमणीने विचारलं.

बाबांनी चिमणीकडे पाहिलं. "तिला म्हणावं, कार्ड तिचं आहे."

शेजारच्या खाटेवर रंगाऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. चिमणीने कार्ड काढून यादीबाईच्या हातात दिलं. अक्षरं तिने स्वतः लिहिली होती, झोपेतही म्हणून दाखवली असती. पण डोळ्यांसमोर ती नुसती हलत होती.

"दुखतंय का?" आवाज घरातला निघाला, पायाशी बसणारा.

"मोठ्याने," बाबा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले. "शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"दुखतंय का?"

"हात दुखतो. पोट नाही."

"खाल्लं काय?"

"दूध. पाव अर्धा."

नळी होती, म्हणून लघवीचा प्रश्न आज नव्हता. कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. "शौचाला झाली का?"

"नाही."

"कधीपासून?"

"घरून निघाल्यापासून." बाबांची मान लाल झाली होती. त्यांनी आवाज जराही कमी केला नाही.

"औषध देऊ आज," सर हळूच म्हणाले.

"उठताना बरोबर कोण असतं?"

"काल कुणी नव्हतं."

वॉर्डात कुठेतरी चमचा पडला. रंगाऱ्यालाही काही विनोद सुचला नाही. शेवटचा प्रश्न उरला होता. तिने तो विचारला, पण कार्डाकडे बघून. "तुम्हाला आम्हाला... काही विचारायचंय का?"

"आहे. तुझा राउंड होऊ दे. मग विचारतो."

तुझा, म्हणाले. मध्ये ना सासूबाई, ना घड्याळ. इतक्या वर्षांत तिला सरळ आलेलं पहिलंच वाक्य, आणि ते घ्यायची आपली लायकी आहे असं तिला वाटेना.

औषध लागू पडायला दुपार झाली. ती टेबलाशी बसली होती. वॉर्डबॉय मोकळा होता, दाराशीच उभा होता. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला.

"सूनबाई!"

वॉर्डबॉय निघाला, तिने त्याला हाताने थांबवलं आणि स्वतः गेली. बाबांना उठवून बसवलं, चपला पायात सरकवल्या. एका हातात लघवीची पिशवी, दुसऱ्या हाताने त्यांचा दंड धरलेला. परक्या माणसांना असं किती वेळा धरलं होतं तिने. त्या दंडांना वजन असे. या दंडाला नजर असल्यासारखी वाटत होती. दोघंही जमिनीकडे बघत चालली. संडासाच्या दाराशी बाबा थांबले.

"तू आत यायचं. पण तोंड तिकडे."

"हो, बाबा."

ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. पाठीमागे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"आहेस का?"

"आहे, बाबा."

"मग बोल काहीतरी. गप्प उभी राहू नकोस."

दिवसभर लोकांशी बोलणारी ती बाई दाराच्या कडीकडे बघत राहिली. "काय बोलू?"

"राहू दे. मीच बोलतो." आणि बाबांनी घसा साफ करून स्टॉप पुकारायला सुरुवात केली. "डेपो! पाण्याची टाकी! मुलींची शाळा! जुना पूल, जुना पूलवाले उतरून घ्या!" बाहेर वॉर्डातलं बोलणं थांबलं. "कोर्ट!" गाडी कोर्टापाशी फार वेळ थांबली. "कोर्ट..." पुन्हा आवाज आला, दमलेला. मग पाण्याचा आवाज, आणि मग दणक्यात, "शेवटचा स्टॉप!"

बाहेरून रंगाऱ्याने टाळी वाजवली. कुणीतरी त्याला गप्प केलं असावं, कारण ती एकच टाळी होती.

"वळ आता," बाबा म्हणाले.

ते उभे होते. डाव्या हाताने पायजमा वर धरलेला. उजव्या हाताच्या प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं सुजलेली, नाडा नुसता लोंबत होता. ती जवळ गेली आणि नाड्याची दोन्ही टोकं हातात घेतली. बाबांनी मान वर करून छताकडे पाहिलं.

"काल पुढे का गेलीस? हेच विचारायचं होतं."

"लाज वाटली, बाबा."

"माझी?"

"नाही." मग तिला वाटलं, आता तरी खरं सांगावं. "तुमच्यासाठी वाटली असं वाटलं होतं. पण माझीच होती. मला कुणी बघेल, याची."

बाबा छताकडेच बघत होते. "मलाही वाटत होती. पण मी स्टॉपवर उभा होतो."

एरवी डोळे मिटूनही बँडेज बांधणाऱ्या तिच्या बोटांना ती साधी गाठ येत नव्हती. आली, पण ढिली आली. नळी ओढली जाऊ नये म्हणून तिने जपून बांधली होती.

"सुटेल ती," बाबा म्हणाले. "पुन्हा बांध."

तिने गाठ सोडली, आणि पुन्हा बांधायला घेतली.